जहाज सुटण्याआधी सिंगापूरची कापडगल्ली

कापड, रंग, मोटारपंप, टाइल्स, कुठलीही लाइन घ्या. कंपनी डीलरला वर्षाचे टार्गेट देते, ते पुरे झाले की बक्षीस म्हणून सिंगापूरचे तिकीट हातात पडते. तिथे एक-दोन रात्री मुक्काम, मग तीन-चार रात्रींची क्रूझ. जहाज पेनांग किंवा फुकेतपर्यंत जाते आणि परत सिंगापूरलाच लागते. काही बांधव पदरचे पैसे घालून घरच्या मंडळींनाही बरोबर नेतात. परत आल्यावर आम्ही विचारतो, काय काय पाहिले? उत्तर ठरलेले असते. मोठा पाळणा, तोंडातून पाण्याची चूळ टाकणारा सिंह आणि मुस्तफा सेंटर. अरब स्ट्रीटला गेला होता का, असे विचारले की समोरचा म्हणतो, "ती कुठे आहे?"

धंद्याच्या पानावर सहलीची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्याचे पोट कापडावर आहे त्याने दोनशे वर्षांची कापडपेठ हाकेच्या अंतरावर असताना मॉलमध्ये चॉकलेट घेत फिरावे, हे आम्हाला पटत नाही. जहाजावर चढल्यावर करण्यासारखे काही नसते. खाणे, झोपणे आणि समुद्र पाहणे. जे शिकायचे ते किनाऱ्यावरच्या एका दिवसात.

आधी एक कामाची गोष्ट. सिंगापूरला प्रवासी जहाजांचे धक्के दोन आहेत. एक हार्बरफ्रंटचा जुना, दुसरा २०१२ साली सुरू झालेला मरीना बेचा. दोन्हींमध्ये चांगले अंतर आहे आणि टॅक्सीवाल्याला नुसते "क्रूझ सेंटर" म्हटले तर तो कुठेही नेऊन सोडेल. तिकिटावर कुठले नाव आहे ते आदल्या रात्रीच वाचून ठेवावे. हार्बरफ्रंटला त्याच नावाचे लोकल स्टेशन आहे. मरीना बेच्या धक्क्यासाठी मरीना साउथ पिअर या शेवटच्या स्टेशनला उतरायचे. सामान सकाळी हॉटेलच्या काउंटरवर ठेवून पावती घ्यावी आणि रिकाम्या हाताने बुगिस स्टेशन गाठावे. तिथून अरब स्ट्रीट पायी काही मिनिटांची. छत्री जवळ असावी. हे शहर विषुववृत्ताला टेकलेले आहे, पाऊस विचारून येत नाही.

या भागाचे नाव कंपोंग ग्लाम. इंग्रजांच्या रॅफल्सने १८१९ साली इथे वखार टाकली आणि १८२२ साली शहराचा नकाशा आखताना सुलतान, मलायी, बुगिस आणि अरब लोकांसाठी ही बाजू राखली. गल्ल्यांची नावे वाचली तरी तिजारतीचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. मस्कत स्ट्रीट, बगदाद स्ट्रीट, कंदाहार स्ट्रीट, बुसोरा म्हणजे आपला बसरा. मधोमध सुलतान मशीद. पहिली मशीद १८२० च्या दशकातली, आजची इमारत १९३२ साली पुरी झाली. सोनेरी घुमटाच्या बुडाशी एक काळा पट्टा दिसतो. जवळून पाहिले की कळते, त्या काचेच्या बाटल्यांच्या बुडख्या आहेत. गरीब मुसलमानांनाही बांधकामात हिस्सा देता यावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या, असे सांगतात. कोट्यधीश अरब व्यापाऱ्यांची वस्ती असूनही हे सुचले, याचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

मशिदीसमोरची बुसोरा स्ट्रीट आता कॅफे आणि भेटवस्तूंच्या दुकानांनी भरली आहे. आमच्या मते सगळ्या कंपोंग ग्लाममध्ये जास्त थांबावे ती इथेच. ही हाजींची गल्ली होती. जावा, सुमात्रा, बोर्निओ, मलाया इथले यात्रेकरू जेद्दाचे जहाज पकडण्यासाठी सिंगापूरला येत आणि जहाज लागेपर्यंत याच घरांमध्ये आठवडेच्या आठवडे राहत. त्यांना घेऊन जाणारे दलाल इथले, इहरामचे कापड, पेट्या, अंथरुणे, सुकी शिदोरी, किताबे विकणारेही इथलेच. ज्यांचे पैसे संपत ते इथेच मजुरी करून पुढचे भाडे जमवत. काहींचे कधीच जमत नसे. मक्का न पाहता सिंगापूरहूनच घरी परतणाऱ्यांना त्यांच्या मुलखात 'हाजी सिंगापुरा' असे नाव पडले होते. आपल्याकडे 'मुंबई हाजी' हाच शब्द याच अर्थाने रुळला होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

मुंबईतही चित्र वेगळे नव्हते. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना, मोहम्मद अली रोडवरची इहरामची आणि पेट्यांची दुकाने, हा सगळा कारोबार जहाजाच्या तारखेवर चालत असे. आपल्याकडे हजची बोट १९९५ पर्यंत टिकली, नंतर सगळा प्रवास विमानाने. सिंगापूरचे यात्रेकरू १९७० च्या दशकातच विमानावर गेले. दोन्ही शहरांत ज्या दुकानदाराने ओळखले की गिऱ्हाइकाचा मुक्काम आता आठवडे राहणार नाही, त्याने माल बदलला. ज्याने ओळखले नाही त्याच्या जागी आज दुसरे काही आहे.

त्या प्रवासात धोका किती होता, याची एक नोंद इथून निघालेल्या 'जेद्दा' नावाच्या आगबोटीची आहे. मालक सिंगापूरचे अरब घराणे अलसगॉफ. १८८० साली जवळपास एक हजार यात्रेकरू घेऊन ती निघाली. एडनच्या वाटेवर वादळात बोट पाणी घेऊ लागली, तेव्हा कप्तान आणि गोरे अधिकारी लहान होडीतून निघून गेले आणि वाटेत भेटलेल्या जहाजावर चढून एडनला पोहोचले. तिथे त्यांनी सांगितले की बोट बुडाली, माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी दुसरे एक जहाज 'जेद्दा'ला दोर बांधून बंदरात घेऊन आले, यात्रेकरू जिवंत! मागे राहिलेले पाणी उपसत राहिले होते. चौकशी झाली आणि कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला गेला. तीन वर्षे फक्त. जोसेफ कॉन्रॅड या लेखकाने हीच घटना धरून १९०० साली कादंबरी लिहिली. आज क्रूझवर चढताच सुटकेची कवायत करून घेतात, त्या वेळी आपली मंडळी फोटो काढत बसतात. जॅकेट कसे बांधायचे ते नीट पाहून घ्यावे.

आता कापडाकडे.

अरब स्ट्रीटवरच्या कापडाच्या दुकानांत शिरलात की पहिली गोष्ट नजरेत भरते ती ही, की माल आपल्या डोळ्यांना परका नाही. चौकडीची लुंगी घ्या. मलायी मुसलमान नमाजेला जाताना, घरात बसताना जे सारोंग नेसतो त्याला 'काइन पेलिकात' म्हणतात. हा पेलिकात शब्द आला पुलिकत गावावरून, चेन्नईच्या उत्तरेला असलेले जुने बंदर. सतराव्या शतकात डच लोकांनी तिथे किल्ला बांधला तो मसाल्यासाठी, पण मसाला पिकत होता पूर्वेच्या बेटांवर आणि तिथला माणूस लवंग-जायफळाच्या बदल्यात रोकड नको, हिंदुस्थानचे कापड द्या म्हणत होता. म्हणून कोरोमंडलच्या विणकराचा माल जहाजे भरभरून इकडे आला. गुजरातचे पाटण पटोळे जावाच्या राजघराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले गेले आणि त्याची नक्षी पुढे तिथल्या बाटिकवर उतरली. म्हणजे आज आपण कौतुकाने विकत घेतो त्या बाटिकच्या काही नमुन्यांची आजी आपल्याच बाजूची.

ही गोष्ट अभिमानापुरती सांगत नाही. पुलिकतचे नाव मालाला चिकटले ते रंग धुण्यात जात नव्हता आणि चौकडी सरळ येत होती म्हणून. आमचे भिवंडी, मालेगावचे मागवाले रात्रंदिवस ग्रे कापड काढतात आणि त्यावर दुसरा कोणी रंग देतो, छाप देतो, नाव लावतो. त्यांच्या गावाचे नाव कुठल्या परदेशी गिऱ्हाइकाच्या तोंडी आहे का? ज्याने हा प्रश्न स्वतःला विचारला नसेल त्याने एकदा पेलिकातची घडी हातात घेऊन विचारावा.

बाटिक घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. खरे बाटिक मेणाचे. कापडावर जिथे रंग नको तिथे गरम मेण लावायचे, कापड रंगात बुडवायचे, मेण उकळून काढायचे, पुढच्या रंगासाठी पुन्हा तेच. मेण लावायच्या रीती दोन. छोट्या नळीच्या तांब्याच्या लेखणीने हाताने काढले तर 'तुलिस', तांब्याच्या ठशाने उमटवले तर 'चाप'. तुलिसला महिने लागू शकतात, चापला त्याच्या मानाने थोडेच दिवस. तिसरा प्रकार म्हणजे बाटिकची नक्षी असलेले छापील कापड. ते मेणाच्या जवळपासही गेलेले नसते. तिन्ही एकाच दुकानात एकमेकांशेजारी असतात आणि भाव जमीन-अस्मानाचा.

ओळखायचे कसे? कापड उलटे करावे. मेणाच्या कामात रंग आरपार गेलेला असतो, उलटी बाजू जवळजवळ सुलट्यासारखी दिसते. छापील कापडाची उलटी बाजू फिकट. अगदी पातळ कापडावर मशीनचा रंगही पलीकडे उतरतो, तेव्हा एवढ्यावर भागत नाही. मग नक्षीचे एक फूल धरावे आणि तेच फूल पुढे कुठे येते ते पाहावे. तुलिसमध्ये दोन फुले हुबेहूब सारखी नसतात. चापमध्ये फूल सारखे, पण ठसा जिथे ठशाला भिडतो तिथे केसभर खालीवर. मशीनमध्ये सगळे इतके बरोबर की संशय यावा. नव्या मालाला मेणाचा हलका वासही येतो. आम्ही एका दुकानात सलाम करून चापचा तुकडा मागितला. मालक तामीळ मुसलमान, वयस्क. आम्ही हात लावण्याआधी त्यांनीच घडी उलटी करून समोर टाकली आणि शेजारचा छापील तुकडाही तसाच उलटा ठेवला. म्हणाले काहीच नाहीत. मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये, हे आपल्याकडे दर जुम्म्याला ऐकायला मिळते. तिथे काउंटरवर पाहायला मिळाले.

सोंगकेत हा दुसरा माल. रेशमी किंवा सुती ताण्यावर जरीचा जादा बाणा घालून विणलेले जड कापड, लग्नात नवरदेव कमरेला गुंडाळतो. मलेशियाच्या केलांतान आणि तेरेंगानूचे नावाजलेले. जरीचे काम माहीत असलेल्या माणसाने उलट्या बाजूचे तरंगते धागे पाहावेत, किती सुटे आणि किती लांब आहेत त्यावरून विणकराचा हात कळतो. भाव ऐकून घाबरू नये, विचारायला पैसे पडत नाहीत.

या गल्लीत कापडाची दुकाने पूर्वीइतकी राहिलेली नाहीत, आणि हा भाग व्यापाऱ्याने नीट समजून घेण्यासारखा आहे. सिंगापूरने १९८९ साली कंपोंग ग्लाम जतन करायचा भाग म्हणून जाहीर केला. जुन्या दुमजली दुकानांच्या दर्शनी भिंती, खिडक्या, कमानी पाडता येत नाहीत. पण जुन्या भाडेकरूंना संरक्षण देणारा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा २००१ साली रद्द झाला. इमारत वाचली, भाडे मोकळे झाले. ज्याला नवे भाडे झेपले तो राहिला. शेजारची हाजी लेन पाहा, नाव हाजीचे आणि दुकाने तरुण पोरांच्या फॅशनची. जे कापडवाले टिकले त्यांच्याकडे एक गोष्ट सारखी दिसली. ते सरसकट कापड विकत नाहीत. लग्नाच्या केबायासाठी लेस, ब्रोकेड, रेशीम, म्हणजे जे हात लावल्याशिवाय आणि शिंप्याला विचारल्याशिवाय कोणी घेत नाही तेच ठेवतात.

मुंबईत पागडीच्या दुकानात बसलेल्या आपल्या हजारो भावांना हा धडा दूरचा नाही. भेंडी बाजारात २००९ पासून सैफी बुऱ्हानी ट्रस्टने अख्ख्या वस्तीच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेतले. इतर मोहल्ल्यांतही आज ना उद्या हा प्रश्न येणारच. नव्या इमारतीत जागा मिळेल की नाही याची आपण रात्रंदिवस चर्चा करतो. तिथल्या मेंटेनन्सला पुरेल असा माल आपल्याकडे आहे का, याची चर्चा कमी होते.

वेळ असेल तर बेनकुलेन स्ट्रीटवरची मशीदही पाहून घ्यावी, अंतर फार नाही. ही जुनी वक्फ जागा. उत्पन्न नगण्य होते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या मुस्लिम कौन्सिलने, म्हणजे मुइसने, व्याजाच्या कर्जाऐवजी मुशारका सुकूक काढून पैसा उभा केला आणि नवी मशीद बांधली, सोबत भाड्याच्या सदनिकांची इमारतही. आपल्याकडे वक्फच्या मोक्याच्या जागा जुन्या नाममात्र भाड्यावर अडकल्या आहेत. त्याला कायदा किती जबाबदार आणि आपण किती, यावर वाद होऊ शकतो. पण व्यापारी माणसाने हिशेब मांडून दाखवलेला एक नमुना डोळ्यांनी पाहावा हे बरे.

दुपारची नमाज सुलतान मशिदीत होते. सिंगापूरचे घड्याळ सूर्याच्या पुढे ठेवले आहे, त्यामुळे जोहरची वेळ एकच्या सुमारास लागते आणि मगरीब वर्षभर सातच्या आसपास. तिथले मुसलमान बहुतेक शाफई, कोकणातल्या बांधवांना जमातीत काहीच वेगळे वाटणार नाही. बोहरा बांधवांसाठी हिल स्ट्रीटवर अल-बुऱ्हानी मशीद आहे. जुम्म्याला दुकाने मध्ये थोडा वेळ बंद असू शकतात, तेव्हा खरेदी सकाळी उरकावी. जेवणासाठी मशिदीसमोरच झमझम आहे, १९०८ पासूनचे, तिथला मुर्तबाक प्रसिद्ध. खिमा-अंडे भरलेला पराठाच समजा. इतर ठिकाणी मुइसचे हलाल प्रमाणपत्र दुकानात लावलेले आहे का ते पाहावे. नुसत्या "नो पोर्क" पाटीला प्रमाणपत्र समजू नये. क्रूझच्या जेवणाचीही चौकशी तिकीट काढतानाच करावी, जहाजावर चढल्यावर हुज्जत घालून स्वयंपाकघर बदलत नाही.

ज्यांना स्थानिक मलायी गिऱ्हाइकाचा बाजार पाहायचा आहे त्यांनी पाया लेबार स्टेशनजवळच्या गेलांग सेराई भागात, जू चिआट कॉम्प्लेक्समध्ये जावे. अरब स्ट्रीटवर पर्यटक जास्त, तिथे घरच्या बाया ईदचे कापड घेतात. मुस्तफा सेंटरला जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका घराण्याने तयार कपड्यांपासून सुरुवात करून एवढे दुकान उभे केले, ते पाहण्यासारखेच आहे. फक्त ते शेवटी ठेवावे. जहाज हार्बरफ्रंटहून असेल तर फॅरर पार्क स्टेशनवरून गाडी न बदलता धक्क्यावर जाता येते.

आता पैशांचे. मालाच्या किमतीत ९ टक्के जीएसटी धरलेला असतो, २०२४ पासून हा दर आहे. पर्यटकाला तो परत मिळू शकतो, पण योजनेत असलेल्या दुकानातून किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी हवी आणि खरेदीच्या वेळी स्वतःचा मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. काही रक्कम सेवाशुल्कात जाते. डीलर टूरवाल्यांनी यात एक बारकावा ध्यानात ठेवावा. जहाज सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच येणार असेल, तर धक्क्यावर हा परतावा मिळत नाही. तो विमानाने घरी निघताना चांगी विमानतळावर मागायचा, खरेदीपासून दोन महिन्यांच्या आत. दुसरे असे की धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ही योजना लागूच नाही. नमुन्याचे दोन-चार तुकडे वेगळे आणि गठ्ठा वेगळा. गठ्ठा हवा असेल तर दुकानदाराकडून रीतसर निर्यातीचे बिल करून मागवावा, आपल्याकडे आयात-निर्यात कोड काढलेला असावा आणि माल सामानात दडवून आणू नये.

व्हिसा सिंगापूरचा लागतो आणि जहाज बाहेर जाऊन परत येणार म्हणजे दोनदा प्रवेश, तेव्हा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना हे एजंटाकडून लेखी घ्यावे. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा फॉर्म भरायचा असतो, तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी ठिकाणे निघाली आहेत, त्यांच्याकडे वळू नये. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला काही तास लागतात, म्हणून औषधे, पासपोर्ट आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत असावेत. इस्त्री नेऊ नये, जहाजवाले काढून घेतात. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी दरवाजा बंद होतो, वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती पाळली जाते. परतीच्या दिवशी चांगीवर बॅग पट्ट्यावर सोडण्याआधी परताव्याच्या मशीनवर नोंद करावी, कारण कस्टमवाल्याने कापड दाखवा म्हटले तर ते हाताशी असायला हवे.